पेनांगचा ब्लाउजपीस

आयुष्याबद्दल लिहायचं ते उतारवयात लिहावं म्हणतात. माझे केस अजून काळे आहेत आणि मला थांबायला वेळ नाही. आजवर मी जे लिहिलं ते एका कागदाच्या दोन बाजूंना मावेल एवढंच लिहिलं. वर अन्याय, खाली मागण्या, शेवटी 'मोठ्या संख्येने या'. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या चौकात ती पत्रकं वाटताना कुणी ना कुणी विचारतंच, ताई, तुम्हाला या मिलवाल्यांचा एवढा राग कशाचा? मी खाडीच्या पाण्याचं सांगते, वाफेचं सांगते, कामगारांच्या खोकल्याचं सांगते. सगळं खरं आहे. पण माझ्या रागाचं मूळ खाडीत नाही. ते एका परक्या बंदरातल्या कापडाच्या दुकानात आहे. तिथे आम्ही एक दिवस मजा करायला उतरलो होतो. ते पत्रकात बसत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं घर हायवेच्या आत, मिलच्या भिंतीला लागून असलेल्या रो-हाउसच्या ओळीत. सकाळी दूधवाल्याच्या आधी बॉयलरची वाफ सुटल्याचा आवाज यायचा, आणि मागच्या गटारातून कोमट पाणी वाहायला लागायचं, आज एका रंगाचं, उद्या दुसऱ्या. त्या पाण्याकडे बघून माय सांगायची की आप्पा आज जेवायला वेळेवर येतील की नाही. गडद पाणी म्हणजे गडद लॉट, आणि गडद लॉट म्हणजे उशीर. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या मिलमध्ये कलर मास्टर होते. धुळ्याच्या बाजूच्या आमच्या गावातून आले तेव्हा मशीनवर ओलं कापड ओढायचे. तिथून चढत चढत मास्टर झाले. व्यापारी नमुन्याची चिंधी देतो, कोऱ्या कापडाला अगदी तोच रंग चढवायचा असतो, आणि चढला की नाही हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो मास्टर. आप्पा ओला तुकडा पिळायचे, इस्त्रीखाली वाळवायचे आणि तो घेऊन दाराशी जायचे. ट्यूबलाइटखाली रंगाची शेड बघणारा मास्टर नव्हे, तो दुकानदार, असं त्यांचं म्हणणं. दाराशी उन्हात तुकडा धरून ते एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "चालू दे." त्या 'चालू दे'वर शेकडो साड्यांचं नशीब ठरायचं.

घरात आम्ही रंगांची नावं व्यापाऱ्यांसारखी घ्यायचो. हळद कमी पडलेलं वरण म्हणजे लेमन. ताप आलेलं पोर गाजरी. माय चिडली की तिचा चेहरा राणी, म्हणजे भडक गुलाबी, आणि तसं तोंडावर म्हटलं की आणखी राणी. रामा म्हणजे मोराच्या मानेवरचा तो रंग, निळा आणि हिरवा यांच्या मधला, पण हिरव्याकडे झुकलेला. 'झुकलेला' हे महत्त्वाचं. आप्पा म्हणायचे, "रामा आणि फिरोजीमध्ये एका चिमटीचा फरक असतो. पण ती चिमूट चुकली की आख्खा लॉट वापस."

सुरतेत बायका साडी पिशवीत घालून मॅचिंग सेंटरला नेतात, ताके उलगडायला लावतात, उजेडात जाऊन मिळवून बघतात, तरी घरी आल्यावर ब्लाउज जुळत नाही. आमच्या ओळीतल्या बायका तसं काही करायच्या नाहीत. त्या मिलच्या वाटेवर आप्पांना थांबवायच्या, साडीचा पदर दाखवायच्या आणि म्हणायच्या, "मास्टर, याला पीस आणा बरं." आप्पा एकदा बघायचे. संध्याकाळी नुसत्या आठवणीवर पीस आणून द्यायचे. तो परत गेला असं कधी झालं नाही. त्यांचा सगळा मान या एका गोष्टीत होता. पगार मिलचा, पण मान ओळीतल्या बायकांचा.

मग असं झालं की पीस आणणं बंद पडलं. मायनेच बंद पाडलं. "त्यांना आता वेळ भेटत नाही," असं ती बायकांना सांगायची. आप्पांचे कपडेही तीच काढून ठेवायला लागली, पँटवर शर्ट, शर्टवर मोजे. वय झालं की बायका नवऱ्याचे लाड करतात, असं मला वाटलं. तेव्हा मी कॉलेजात होते, नुकतीच पत्रकं वाटायला लागले होते, आणि घरातल्या मोज्यांपेक्षा मोठ्या गोष्टी बघायची मला सवय लागली होती.

माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न ठरलं नंदुरबारला. मुलाकडच्यांनी सुपारी फोडताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "सुरतच्या मास्टरची पोर करतोय." साखरपुड्याला त्यांच्याकडून रामा रंगाची साडी आली, जरीच्या बारीक काठाची. साडीतला ब्लाउजपीस आखूड निघाला. टेलरने हात वर केले. लग्नात संध्याकाळी तीच साडी नेसायची होती, म्हणून तिला पीस हवा होता. आप्पा म्हणाले, "बघतो." माय म्हणाली, "तुम्ही राहू द्या, मी बघते."

आणि त्याच दिवसांत ती सहल आली. मिलला रंग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याची स्कीम होती. इतका माल उचला आणि जहाजातून परदेश फिरा. माल मिलने उचलला होता, म्हणजे आप्पांच्या हातून तो मशीनमध्ये ओतला गेला होता. बहुतेक खोल्या मिलच्या शेठच्या घरच्यांनी घेतल्या आणि एक मास्टरला दिली. शेठचे पुतणे हितेशभाई घरी येऊन सांगून गेले. पेढाही आणला. मी त्या संध्याकाळी मोठं भाषण केलं. हे विषाचं बक्षीस आहे, ज्या रंगाने खाडी मेली त्या रंगाच्या पैशाने आपण समुद्र बघायला जाणार का, वगैरे. आप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रागवायचं ते परत येऊन रागव. आधी पासपोर्टचा फोटो काढून घे." ताईला मात्र आत्याने जाऊ दिलं नाही. लग्न ठरलेली पोर पाण्यावर नको. म्हणून आम्ही तिघंच निघालो.

आमच्यासाठी समुद्र म्हणजे सुरतेजवळचं डुमस. काळी वाळू, ओहोटीला दिसेनासं होणारं पाणी आणि टोमॅटोची भजी. विमानाने सिंगापूरला उतरून बंदरात जहाज पाहिल्यावर माय उभी राहिली आणि म्हणाली, "हे तर मिलपेक्षा मोठं से." आत बुफेत डोंगरासारखं जेवण, पण मायने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती आणि ती संपल्याशिवाय दुसरं खायचं नाही असा तिचा कायदा होता. हितेशभाईंची बायको जिग्नाबेन, तिच्याकडे थेपले आणि खाखऱ्यांचे डबे. दोघी बुफेच्या टेबलावर बसून एकमेकींचे डबे संपवायच्या. वाढपी लांबून बघत राहायचा. जिग्नाबेन मनाने चांगली बाई. हे लिहायला मला जड जातं, पण होती.

सकाळी जहाज मलेशियातल्या पेनांगला लागलं. धक्क्यावरून बाहेर पडलं की लगेच गाव. प्लास्टिकच्या फुलांनी मढवलेल्या तीनचाकी रिक्षा, त्यांत गाणी. दिवसाचा बेत हितेशभाईंनी ठरवला होता. आधी किल्ला, मग डोंगरावरचं देऊळ, मग खरेदी, आणि वेळ उरला तर पाण्यात खांबांवर बांधलेली घरं. ती घरं आप्पांना बघायची होती. जहाजावरच्या माहितीच्या टीव्हीवर त्यांनी ती पाहिली होती आणि तेव्हापासून विचारत होते, "भरती आली की चुलीचं काय करत असतील?" किल्ल्यात तोफा होत्या. जिग्नाबेनने प्रत्येक तोफेवर हात ठेवून फोटो काढले. देवळात शंभर पायऱ्या चढून माय घामाघूम झाली, पण वर पोचल्यावर बुद्धाला हात जोडून तिने ताईच्या संसारासाठी काहीतरी मागितलं. मग मला म्हणाली, "देव ओळखीचा नाही, पण ऐकत असंल." आप्पा कठड्याशी उभे राहून खाली शहराकडे बघत होते. मी विचारलं, "काय दिसतं?" ते म्हणाले, "बरंच आहे." नेहमी 'गाजरी छप्पर, त्याच्यापुढे बॉटल ग्रीन' असं बोलणारा माणूस त्या दिवशी एवढंच म्हणाला.

खरेदीला रिक्षावाल्याने आम्हाला जिथे सोडलं तिथे मोगरा, कापूर आणि तळणीचा वास एकत्र येत होता, स्पीकरवर तमिळ गाणी, आणि दोन्ही बाजूंना साड्यांची दुकानं. माय हसायलाच लागली. "घ्या! इतकं पाणी ओलांडून आलो, आणि आलो कुठे, तर रिंग रोडला!" खरंच सुरतेच्या त्या कापडबाजारासारखं होतं. फक्त इथे गुजराती बोर्ड नव्हते. एका दुकानात जिग्नाबेन शिरली आणि तिच्यामागे आम्ही. आप्पांनी दारातल्या ताक्याला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कापडाची कड बोटांतून ओढली. रंगवलेलं कापड ज्या यंत्रावर ताणून वाळवतात त्याच्या सुया कडेला बारीक भोकं पाडतात, आणि प्रत्येक यंत्राची भोकं वेगळी.

"योगी," त्यांनी मला हाक मारली, "हा आपला माल. आपल्या भिंतीतला!"

"आप्पा, सगळीकडे तसलीच भोकं असतात."

"मी काय काल मास्टर झालो? आपल्या मशीनची एक सुई तुटलीये. बघ, इथे एक भोक नाही, पुन्हा हाताएवढं गेलं की पुन्हा नाही." मग दुकानाच्या तमिळ मालकाला हिंदीत, "सेठ, ये मेरे हाथ का माल है!"

मालकाला किती कळलं कोण जाणे, पण त्याने आप्पांना खुर्ची दिली आणि थंड मागवलं. हितेशभाईंनी मालकाशी हात मिळवला, "हमारी मिल, हमारे मास्टर." आप्पांचा ऊर भरून आला होता. एवढ्या सगळ्या वर्षांत ज्या कापडाला त्यांनी 'चालू दे' म्हटलं ते कुठे जातं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मिलच्या फाटकातून ट्रक बाहेर पडला की त्यांच्यासाठी ते कापड संपायचं. आज ते एका परक्या गल्लीत रचलेलं त्यांना भेटलं. मी त्यांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आणि त्याच खुशीत ते म्हणाले, "ताईचा पीस इथूनच घेऊ. आपलाच रंग, परदेशातून."

माय पटकन पुढे आली. "राहू द्या. घरी जाऊन घेऊ. आते चला बरं, ती पाण्यातली घरं बघायची ना तुम्हाला?"

"एक मिनिट लागतं मला."

"साडी कुठे आणलीये मॅचिंगला?"

"मला साडी लागते का?" आप्पा हसले. मालकही हसला. आप्पांनी साध्या कापडांच्या ताक्यांची रांग बघितली, बोट फिरवत गेले, एका ताक्यापाशी थांबले. तो बाहेर ओढला आणि सवयीने घेऊन दाराशी गेले. टळटळीत ऊन होतं. त्यांनी कापड उन्हात धरलं, एक डोळा बारीक केला. आम्ही सगळे बघत होतो.

"हाच. बरोब्बर हाच रामा."

तो निळा होता. झुकलेला वगैरे काही नाही. सरळ आकाशासारखा निळा, आंधळ्यालाही कळावा असा. हे मी आज लिहून बसले आणि माझं मलाच कसंतरी झालं, पण खोडत नाही.

जिग्नाबेन हसली, अगदी सहज. "अरे मास्टर, आ तो आसमानी छे! रामा क्यां छे आमां?"

आप्पांनी कापड परत उन्हात धरलं. जवळ नेलं, लांब नेलं. रस्त्यावरून एक फुलांची रिक्षा गेली, तिचं गाणं आलं आणि गेलं. हितेशभाई आपल्या मोबाइलकडे बघायला लागले. मला वाटलं आता कुणीतरी हसेल आणि हे संपेल. मला वाटलं आप्पाच म्हणतील, गंमत केली. तेवढ्यात माय म्हणाली, "मीच सांगितलंय त्यांना. कॉन्ट्रास्ट घ्यायचंय. आते सगळ्या पोरी कॉन्ट्रास्टच घालतात." आणि मालकाला म्हणाली, "काटो भैया. एक मीटर."

माझी माय खोटं बोलत नाही. दारावर आलेल्या माणसाला 'घरात नाहीत' सुद्धा ती सांगू शकत नाही. त्या दुकानात ती इतकं सफाईने बोलली की मला कळलं, हे आजचं नाही. हे वाक्य तिने कधीपासून तयार ठेवलं होतं. ते मोजे, ते शर्ट, 'त्यांना वेळ भेटत नाही', सगळं मला तिथे उभ्या उभ्या जुळून आलं. "हा हा, कॉन्ट्रास्ट बहु सरस लागे," जिग्नाबेन म्हणाली. तिलाही काहीतरी कळलं असावं, कारण तिने स्वतःलाही एक मीटर तोच निळा कापायला सांगितला.

पाण्यातल्या घरांपाशी आम्ही तिघंच गेलो. हितेशभाई आणि जिग्नाबेन आइस्क्रीम खायला थांबले. लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना घरं, खाली खांब आणि पाणी. एका घरासमोर म्हातारी चिनी बाई मासे वाळत घालत होती. ज्या चुलीची आप्पांना एवढी उत्सुकता होती तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. वाटेच्या टोकाला बाक होता. माय दमून मागेच एका पायरीवर बसली, पिशवी मांडीवर धरून. आप्पा बाकावर बसले आणि म्हणाले, "योगी, तू पत्रकवाली. तुमच्यात खरं बोलायचं असतं ना?"

"हो."

"माय कॉन्ट्रास्ट म्हणाली. तू सांग. पीस कसला आहे?"

"निळा आहे, आप्पा. आसमानी. रामा नाही."

"जरासुद्धा नाही?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. लॉट बिघडला की हलवायचे तशी, शांत. मग म्हणाले, "मला तो रामाच दिसला. अजूनही रामाच दिसतोय." आणि मग ते सगळं सांगत गेले. मागच्या दिवाळीपासून निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळायला लागले होते. कोणता डबा कोणत्या फळीवर हे पाठ होतं म्हणून काम चाललं. नव्या शेडला ते दुसऱ्या पाळीच्या मास्टरला चहाला बोलवायचे आणि सहज विचारायचे, "काय वाटतं?" तो जे म्हणेल ते स्वतःचं म्हणून सांगायचे. "पण रोज कुणी चहाला येत नाही," ते म्हणाले. "एक दिवस मी एकटा असणार आणि लॉट जाणार. मग माझं काही नाही. मशीनवरच्या पोरांवर बिल फाटंल."

मी म्हटलं, "डोळे दाखवू. ऑपरेशन होतं."

"हो, दाखवू." त्यांनी ते बाजूला सारलं. मग समोर बोट केलं. "ती होडी कसली?"

"गाजरी. वरून उडालेली."

"ते दार?"

"डाळिंबी."

"त्या बाईचं झंपर?"

"पिस्ता. त्यावर राणी फुलं."

असं आम्ही बराच वेळ केलं. बोट ते दाखवायचे, नाव मी सांगायचे. लहानपणी हे उलटं व्हायचं. गटाराकाठी मी बोट दाखवायचे आणि ते नाव सांगायचे. शेवटी त्यांनी खाली बघितलं. "आणि समुद्र?"

मी वाकून पाहिलं. धक्क्यांच्या आतलं पाणी ते. "गढूळ आहे. राखाडी. थोडा हिरवट."

"एवढ्या लांब येऊन गढूळ?" ते हसले. "मग डुमस काय वाईट होतं?"

परत फिरताना मायने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिला समजलं. "सांगितलंस?" एवढंच ती म्हणाली. आप्पा म्हणाले, "मी आज हितेशभाईंना सांगतो. त्यांनी विचारायच्या आधी." माय रस्त्यातच थांबली. "लगीन हुई जाऊ द्या ना. दोन महिने. नंदुरबारवाल्यांनी मास्टरची पोर केलीये. उद्या ते काय म्हणतील?" आप्पा म्हणाले, "मास्टर होतो तोवर खरा होतो, असं तरी म्हणतील." मायने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि चालायला लागली.

जहाज सुटायला अवकाश होता. डेकवर चहा होता. हितेशभाई एकटे बसले होते. आप्पा गेले, मागे आम्ही दोघी. बसायला सांगितलं तरी ते बसले नाहीत. "हितेशभाई, मेरी आँख गई है," ते म्हणाले. "शेड नहीं पकड़ती. दुकान में आपने देखा."

हितेशभाईंनी कप खाली ठेवला. "मास्टर, बैठो पहले." आप्पा बसले. "हमको मालूम है. दुकान से नहीं, दिवाली से मालूम है. काका को भी. दूसरी पाली के मास्टर ने बताया था." मग जरा थांबून, "कम्प्यूटर मॅचिंग का मशीन आ गया है. काका बोले, मास्टर ने जिंदगी दी है मिल को. एक बार दुनिया दिखा दो, फिर आराम से बात करेंगे."

म्हणजे ते पेढे, ते जहाज, ती खोली हा निरोप होता. सगळ्यांना माहीत होतं. आप्पा मिलपासून लपवत होते, मिल आप्पांपासून, माय दोघांपासून, आणि सगळे मिळून तोफांवर हात ठेवून फोटो काढत होते. हे वाचून कुणी विचारेल, यात चूक कुणाची? मालकाने तर चांगुलपणा दाखवला. हो, दाखवला. त्याचं पत्रक मी अजून लिहू शकलेले नाही. पण एवढं लिहिते: मिलने एका माणसाचे डोळे वापरून संपवले आणि मोबदला म्हणून त्याला प्रेक्षणीय स्थळं दाखवली. हे ज्याला चांगुलपणा वाटतं त्याने मिलच्या वाफेत एक पाळी उभं राहून बघावं.

मी काहीतरी बोलणार होते. पण माय आधी बोलली. मराठीतच, हळू. "हितेशभाई, एक मागते. लग्नापर्यंत त्या मशीनचं नाव काढू नका. तोवर हे मास्टरच."

हितेशभाई उठून उभे राहिले. "भाभी, मशीन तो हजी खोकामां ज छे. लग्न पछी खोलीशुं." मशीन अजून खोक्यातच आहे, लग्नानंतर उघडू. त्यांनी शब्द पाळला. लग्नापर्यंत आप्पा रोज डबा घेऊन मिलला जायचे, दुसऱ्या मास्टरच्या शेजारी बसायचे, त्याच्या शेडला 'चालू दे' म्हणायचे आणि परत यायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हे मागच्या नसेचं आहे, गेलं ते येत नाही. मी विचारलं, इतकी वर्षं रसायनांच्या वाफेत काम केल्याने झालं का? ते म्हणाले, असू शकतं. मी म्हटलं, लिहून द्या. ते म्हणाले, "असू शकतं हे लिहून देता येत नाही." त्याच आठवड्यात मी कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदा मिलच्या फाटकावर एकटी उभी राहिले, हातात पत्रकं घेऊन. आत आप्पा होते. मधल्या सुट्टीत ते बाहेर आले, एक पत्रक घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि आत गेले.

ताईने लग्नात रामा साडीवर तोच निळा ब्लाउज घातला. मी तिला सगळं सांगितलं होतं आणि दुसरा पीसही आणून दिला होता, अगदी जुळणारा. तिने तो मलाच परत दिला. नंदुरबारच्या बायका बघून म्हणाल्या, सुरतचं काही वेगळंच असतं बाई. जिग्नाबेनही आली होती, तसलाच निळा ब्लाउज घालून. आप्पा मांडवाच्या खांबाला टेकून ताईकडे बघत होते. त्यांना तो अगदी जुळलेला दिसत होता. मांडवात तेवढ्या एकट्याला.

आता ते घरीच असतात. सकाळी ओट्यावर बसतात, मागच्या गटाराचा वास घेतात आणि मला विचारतात, "आज कोणता?" मी सांगते. मी खाडीच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणते तेव्हाही ते विचारतात आणि कोणत्या कामाचं पाणी असेल ते सांगतात. आमच्या पत्रकात आता जे काही बरोबर असतं त्यातलं पुष्कळ त्यांचं असतं.

पण पाहुणे आले की ते पेनांगवर येतात. किल्ला सांगतात, देऊळ सांगतात, तुटलेल्या सुईचं कापड सांगतात. पाण्यातली घरं सांगतात आणि चुलीचं आपल्या मनाने रचून सांगतात. मग पाहुणा विचारतोच, आणि समुद्र हो, मास्टर? आप्पा पुढे सरसावून बसतात. "समुद्र? रामा! असा रामा मी मशीनमध्ये कधी काढला नाही." माय आतून म्हणते, "होताच तसा." मग पाहुणा माझ्याकडे बघतो. कारण मी कुणाचं खोटं खपवून घेत नाही हे आख्ख्या ओळीला ठाऊक आहे, आणि त्या दिवशी वाकून पाणी पाहिलेली मी एकटीच.

"रामाच," मी म्हणते. "पण जरा हिरव्याकडे झुकलेला."

आप्पा एक डोळा बारीक करतात, जणू तुकडा उन्हात धरलाय. "हां," ते म्हणतात, "हिरव्याकडेच. चालू दे."